सुपरवायझरला शिकवायचे, पण त्याच्या साहेबाचे काय?

सुपरवायझर आणि कनिष्ठ व्यवस्थापक यांच्या प्रशिक्षणाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांतून पुष्कळ पत्रे आली. त्यांतील सहा येथे घेतली आहेत. लेखकांच्या विनंतीवरून त्यांची व कंपन्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतील एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी उत्पादन विभागाचा प्रमुख आहे. दिवाळीनंतर आमच्या बारा सुपरवायझरांना लोणावळ्याला दोन दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणासाठी पाठवले. परत आले तेव्हा सगळे उत्साहात होते, परंतु महिन्याभरात लाईनवर पुन्हा तीच आरडाओरड आणि तीच चालढकल सुरू झाली. एचआर विभाग त्यांना पुन्हा पाठवा म्हणतो. हा खर्च वाया जातो आहे का?

पुन्हा पाठवण्याची घाई करू नका. आधी एवढे आठवून पाहा की, ते बारा जण परत आले त्या आठवड्यात तुम्ही स्वतः त्यांच्याशी काय बोललात. तिथे काय शिकलात, त्यातले इथे काय करून पाहणार आहात, त्यासाठी माझ्याकडून काय हवे, असे कोणी त्यांना विचारले का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही आणि बहुतेक कारखान्यांत तसे कोणी विचारतही नाही.

या विषयावरचा एक जुना अभ्यास प्रत्येक कारखाना व्यवस्थापकाला ठाऊक असायला हवा. एडविन फ्लाइशमन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या फोरमनांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध केले. या फोरमनांना माणसांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण दिले होते. वर्ग संपताना त्यांची मते तपासली तेव्हा ती अपेक्षेप्रमाणे बदललेली होती. परंतु कारखान्यात परतल्यानंतरचे त्यांचे वागणे पाहिले तेव्हा असे दिसले की, त्या वागण्याचा मेळ वर्गात शिकलेल्या गोष्टींपेक्षा त्यांच्या वरिष्ठांच्या वागण्याशी अधिक बसतो. ज्याचा साहेब माणसांची कदर करणारा होता, तो फोरमनही तसा वागत होता, आणि ज्याचा साहेब केवळ आकड्यांवर बोलणारा होता, तो वर्गातले सारे विसरून साहेबाच्या वळणावर गेला होता. सत्तर वर्षांनंतर रबाळ्यात तुम्ही जे पाहत आहात ते यापेक्षा वेगळे नाही.

सकाळच्या पाळीचा एक तास जवळून पाहिला की याचे कारण कळते. सुपरवायझर पावणेसातला लाईनवर येतो. दोघांनी न सांगता दांडी मारलेली असते, एक मशीन रात्रपाळीपासून बंद असते आणि मेंटेनन्सचा माणूस दुसऱ्या शेडमध्ये अडकलेला असतो. तो इकडचा माणूस तिकडे लावून कशीबशी लाईन चालू करतो. साडेनऊच्या मीटिंगमध्ये, स्टोअर्स आणि क्वालिटीच्या लोकांसमोर, कालचा आकडा कमी का आला म्हणून त्याला झापले जाते आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐकले जात नाही. दहा वाजता तो लाईनवर परततो तेव्हा एका नवीन मुलाने चुकीच्या मापाचे ड्रिल लावलेले असते. चूक दाखवताना माणसाला बाजूला घ्यावे, आधी त्याचे ऐकावे, हे लोणावळ्यात शिकलेले सूत्र त्याला तोंडपाठ असते. तरीही अर्ध्या तासापूर्वी त्याच्याशी जसे वागले गेले, तसेच तो त्या मुलाशी वागतो, कारण या कारखान्यात काम असेच करवून घेतात हे त्याला रोज दाखवले गेलेले असते.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की, पुढचे प्रशिक्षण आधी तुमचे आणि तुमच्या हाताखालच्या व्यवस्थापकांचे व्हावे, आणि मग सुपरवायझरांचे. गॅरी लॅथम आणि लीझ सारी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमके हेच केले होते. चाळीस सुपरवायझरांपैकी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या वीस जणांना आठवड्यातून एकदा दोन तास, असे नऊ आठवडे शिकवले. नवीन माणसाला कामाची ओळख करून देणे, शाबासकी देणे, खाडे करणाऱ्याशी बोलणे, तक्रार घेऊन आलेल्याचे ऐकणे असा एकेक प्रसंग घेऊन तो आधी चित्रफितीत दाखवला, मग वर्गात करून घेतला, आणि तो आठवडाभर प्रत्यक्षात वापरून पुढच्या वर्गात अनुभव सांगायला लावला. या सुपरवायझरांच्या वरिष्ठांनाही, आपल्या माणसाने शिकलेले वापरले की त्याची दखल कशी घ्यायची, याचे छोटे प्रशिक्षण आधीच दिले होते. वर्षभरानंतरच्या कामगिरीच्या मूल्यमापनातही हे वीस जण उरलेल्यांपेक्षा सरस ठरले. उरलेल्या वीस जणांना केवळ सूत्रांचे कागद हाती दिले तेव्हा त्यांच्यात तसा फरक पडला नाही, परंतु तेच प्रशिक्षण मिळाल्यावर ते पहिल्या गटाच्या बरोबरीला आले.

लोणावळ्याच्या दोन दिवसांचा खर्च तुम्ही रबाळ्यातच नऊ आठवड्यांवर पसरू शकता. पाळी बदलताना दोन तास काढणे जड जाईल, ओव्हरटाइम द्यावा लागेल, डिस्पॅचवाले कुरकुर करतील, तरीही ते काढा. आणि साडेनऊच्या मीटिंगमध्ये चारचौघांत झापणे आजपासून बंद करा. त्याला तर काहीच खर्च नाही.

प्रश्न : वागळे इस्टेटमधील एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात मी अनेक वर्षे टेबलावर काम केले आणि आता मला त्याच विभागाची सुपरवायझर केले आहे. ज्या मैत्रिणींबरोबर डबा खाल्ला त्याच आता "मॅडम झाल्या" म्हणून टोमणे मारतात. एक मैत्रीण रोज पंधरावीस मिनिटे उशिरा येते. साहेब म्हणतात मेमो द्या. मला ते जमत नाही आणि गप्प बसले तर बाकीच्या बोलतात.

ताई, तुमची अडचण खरी आहे आणि पदोन्नती मिळालेल्या प्रत्येकाला ती येते. तुम्हाला पद मिळाले त्या दिवशी तुमच्या साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून आजपासून या विभागात काय ठरवणे तुमच्याकडे आहे हे सांगायला हवे होते. तसे झाले नसेल तर आता सांगायला लावा. ते त्यांचे काम आहे, तुम्ही स्वतः जाहीर करण्याची ती गोष्ट नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या नावाने सुपरवायझरांसाठी जे अभ्यासक्रम चालवले गेले, त्यांतला एक पूर्णपणे माणसांशी असलेल्या संबंधांवर होता. त्याचा क्रम असा की, आधी सगळी हकिकत मिळवायची, मग तोलून ठरवायचे, मग पाऊल उचलायचे आणि शेवटी परिणाम काय झाला ते पाहायचे. तुमचे साहेब तुम्हाला थेट तिसऱ्या पायरीवर उभे करत आहेत. मैत्रिणीला एकटीला गाठा, टेबलापासून दूर, आणि साध्या शब्दांत विचारा : "गेल्या महिन्यापर्यंत तू वेळेवर येत होतीस, आता काय झाले?" एवढे बोलून थांबा. मुलाची शाळा बदलली असेल, सासूबाई आजारी असतील, घोडबंदरहून येणारी बस चुकत असेल, किंवा तुम्ही सुपरवायझर झाल्याचा सलही असेल. कारण कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. कारण काहीही निघाले तरी वेळेचा नियम सगळ्यांना सारखाच राहील हे त्याच बोलण्यात सांगा, काही दिवसांसाठी सवलत द्यायची असेल तर ती साहेबांच्या संमतीने, तारीख ठरवून द्या, आणि ती तारीख आली की पुन्हा बोला. एवढे करूनही फरक पडला नाही तर मेमो द्या, आणि तो देताना संकोच करू नका.

डबा मात्र त्यांच्याबरोबरच खा. मैत्री तोडल्याने दरारा वाढत नाही. तुमच्यावर लोकांचा विश्वास बसेल किंवा उडेल तो ओव्हरटाइम आणि रविवारची ड्यूटी कोणाला मिळते यावरून. या दोन्हींची वही उघडी ठेवा, पाळीपाळीने नावे घाला आणि कोणीही विचारले तर दाखवा. "मॅडम झाल्या" हे बोलणे त्यानंतर आपोआप कमी होईल.

प्रश्न : तळोज्यातील एका रासायनिक कारखान्यात मी शिफ्ट इनचार्ज आहे. ठेकेदाराकडून येणारी मुले सतत बदलतात. कोणी उत्तर प्रदेशचा, कोणी ओडिशाचा. एकच काम दहा वेळा सांगावे लागते आणि तरी चुका होतात. आमच्या माणसांनी त्यांना शिकवण्यात कमी पडू नये म्हणून काय करावे?

"समझा क्या?" असे विचारायचे आणि "हाँ साब" ऐकून पुढे जायचे, ही आपल्याकडची शिकवण्याची सर्वमान्य रीत आहे. नवा, परगावचा, ठेक्यावरचा मुलगा "नाही समजले" असे कधीच म्हणणार नाही. म्हणून तो प्रश्न विचारणेच सोडून द्या.

वर ज्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ कार्यक्रमाचा उल्लेख केला त्याचा पहिला अभ्यासक्रम काम शिकवण्यावर होता. दोन-दोन तासांचे पाच वर्ग, म्हणजे एकूण दहा तास. युद्ध संपेपर्यंत त्या कार्यक्रमाच्या निरनिराळ्या अभ्यासक्रमांतून सुमारे १७ लाख ५० हजार लोक तयार झाले. त्यामागचे तत्त्व असे होते की, शिकणाऱ्याला काम आले नसेल तर शिकवणाऱ्याने ते शिकवलेलेच नाही. सुपरवायझरला हे तत्त्व प्रथम बोचते, परंतु एकदा मान्य केले की त्याचे अर्धे वैतागणे थांबते.

उदाहरण म्हणून कूलिंग वॉटरच्या पंपाचे ग्लँड पॅकिंग, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतून पाणी फार गळू नये म्हणून बसवलेल्या रिंगा, बदलण्याचे काम घेऊ. आधी शिकवणाऱ्याने ते कागदावर फोडायचे. मुख्य टप्पे कोणते, प्रत्येक टप्प्यात नेमके काय सांभाळायचे आणि का. वर्क परमिट घेतले आहे, वीज तोडून कुलूप लावले आहे, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत आणि पंपातला दाब उतरवला आहे, हे पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. जुन्या रिंगा सगळ्या काढायच्या, कारण तळाची एखादी आत राहून जाते आणि नवे पॅकिंग नीट बसत नाही. नव्या रिंगा शाफ्टच्याच जाडीच्या दांड्यावर गुंडाळून कापायच्या, म्हणजे माप चुकत नाही. एकेक रिंग स्वतंत्र बसवायची आणि प्रत्येकीचा सांधा आधीच्या सांध्यापासून पाव फेरा फिरवून ठेवायचा, नाहीतर पाणी सांध्यांच्या रेषेतून सरळ बाहेर येते. ग्लँडचे दोन्ही नट आलटून पालटून सारखे आवळायचे. आणि पंप चालू झाल्यावर थेंब थेंब गळती राहू द्यायची.

नवीन मुलगा नेमका इथेच चुकतो. त्याला गळती म्हणजे दोष वाटतो, आणि आपण काम चोख केले हे दाखवण्यासाठी तो नट पूर्ण आवळून टाकतो. त्या थेंबांमुळे पॅकिंग ओले आणि थंड राहते, ते बंद झाले की पॅकिंग जळते आणि शाफ्टवरची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखे आवरण, झिजते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. तो आळशीपणे चुकलेला नाही, त्याला ‘का’ ठाऊक नव्हते.

कागद तयार झाला की शिकवताना मुलाला आधी निर्धास्त करा आणि त्याला काय येते ते विचारा. मग एकेक टप्पा करून दाखवा. नंतर त्याच्याकडून करवून घ्या, आणि हात चालू असतानाच त्याला त्याच्या तोडक्यामोडक्या हिंदीत सांगू द्या की तो हे का करतो आहे. त्याने कारण बरोबर सांगितले की "समझा क्या?" हे विचारण्याची गरज उरत नाही. शेवटी त्याला एकट्याने काम द्या, अडले तर कोणाला विचारायचे ते माणूस दाखवून सांगा, आणि पहिले काही दिवस वरचेवर पाहून जा.

याची एक कायद्याची बाजूही आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात ‘७ अ’ हे कलम घातले गेले आणि कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ती माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे हे कारखान्याच्या भोगवटादाराचे, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे आहे त्याचे, कर्तव्य ठरवले गेले. मुले ठेकेदाराची आहेत, ती कशाला टिकतील, असे म्हणून त्यांना अर्धवट शिकवून रासायनिक कारखान्याच्या पंपावर उभे करणे मला कोणत्याही दृष्टीने समर्थनीय वाटत नाही. हे तुमच्या व्यवस्थापकांना तुम्ही सांगितलेच पाहिजे, आणि शिकवण्यासाठी पाळीतला वेळ मागून घेतला पाहिजे. तो न देता केवळ तुमच्याकडून अपेक्षा करणे योग्य नाही.

प्रश्न : महापे येथे मी एचआर अधिकारी आहे. प्रशिक्षणानंतरच्या अभिप्राय फॉर्मवर सगळे ‘उत्तम’ लिहितात. परिणाम खरोखर कसा मोजावा?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडलेल्या चार पायऱ्या आजही उपयोगी आहेत : लोकांना ते आवडले का, ते शिकले का, त्यांचे वागणे बदलले का आणि कामात फरक पडला का. तुमचा फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतो, आणि जेवण चांगले असेल तर ती पायरी सहज पार पडते. तीन महिन्यांनी सुपरवायझरच्या हाताखालच्या माणसांना, नाव न घेता, तीनचार साधे प्रश्न विचारा. काम समजावून सांगतात का? चूक झाली तर आधी ऐकून घेतात का? बदल होणार असेल तर आधी सांगतात का? त्याच्या जोडीला त्या लाईनवरचे खाडे, रिजेक्शन आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण पाहा. याच प्रश्नांची उत्तरे सुपरवायझरांकडून त्यांच्या साहेबांविषयीही घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मी पहिल्या उत्तरात काय म्हणतो आहे ते आकड्यांत दिसेल.

प्रश्न : तुर्भ्यातील कंपनीत माझे पद ‘सुपरवायझर’ आहे. रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, माणसे ठेकेदार ठरवतो, आणि साहेब मला ओलांडून थेट कामगारांना हुकूम देतात. मला नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवत आहेत. त्याचा उपयोग काय? आणि मी कायद्याने कामगार की व्यवस्थापक?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पदाच्या नावावरून हे ठरत नाही, माणूस प्रत्यक्षात मुख्यतः कोणते काम करतो यावरून ठरते, असे न्यायालये सातत्याने मानत आली आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि ठरावीक रकमेहून अधिक वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येबाहेर ठेवला होता. ती मर्यादा २०१० साली महिना १०,००० रुपये केली गेली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० रुपये आहे. वेतन या मर्यादेहून अधिक असले तरी, खरोखर देखरेख करण्याचे अधिकार तुमच्याकडे आहेत का हा मुद्दा उरतोच. तुमच्या बाबतीत नेमके काय लागू होते हे नेमणूकपत्र आणि रोजचे काम पाहून कामगार कायद्याच्या जाणकार वकिलाकडून ठरवून घ्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, प्रशिक्षणाला जरूर जा, शिकलेले कोठे जात नाही. परंतु जाण्यापूर्वी साहेबांना भेटून तीन गोष्टी लेखी मागा : एक दिवसापर्यंतची रजा मंजूर करण्याचा अधिकार, कोणत्या मशीनवर कोण उभा राहील हे ठरवण्याचा अधिकार, आणि लाईनवरच्या कामाची सूचना तुमच्यामार्फतच जाईल ही हमी. मागणी करताना तक्रारीचा सूर लावू नका. मला प्रशिक्षणाला पाठवत आहात, तर परत आल्यावर ते वापरता यावे म्हणून हे हवे आहे, एवढेच म्हणा. तिसरी गोष्ट मिळवणे सर्वांत अवघड जाईल, कारण तिथे साहेबांना स्वतःची सवय मोडावी लागते. ज्या सुपरवायझरला ओलांडून हुकूम सुटतात त्याचे कामगार का ऐकत नाहीत, याचे उत्तर शोधायला प्रशिक्षकाची गरज पडू नये.

प्रश्न : ठाण्यात माझे छोटे वर्कशॉप आहे, तीस-पस्तीस माणसे आणि दोन सुपरवायझर. बाहेरचा प्रशिक्षक परवडत नाही. काय करावे?

शीव येथे केंद्र सरकारचे केंद्रीय श्रम संस्थान आहे आणि तेथे पर्यवेक्षकांसाठी वर्ग होतात. १९५८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय उत्पादकता परिषदही असे कार्यक्रम घेते. त्यांची वेळापत्रके मागवून घ्या आणि दोघांना एकाच वेळी न पाठवता एकेकाला पाठवा, म्हणजे वर्कशॉप अडत नाही आणि परत आलेला दुसऱ्याला शिकवतो. तोपर्यंत तुमच्या सर्वांत जुन्या फिटरला सोबत घेऊन, ज्या कामात सर्वाधिक माल बाद होतो ते एक काम वर पंपाचे फोडले तसे कागदावर फोडा. लिहायला सुपरवायझरला बसवा आणि तुम्हीही शेजारी बसा. पहिल्या कागदाला दुपार जाईल, पुढचे लवकर होतील.